मोडलेल्या काठीचे निशाण

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘घराण्याची खूण’ हा विषय नेमून दिला, तेव्हा माझ्या बहुतेक लेखकबंधूंची पावले सातारच्या दप्तराकडे किंवा गोव्यातील एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजाकडे वळली असतील. मी मात्र जयपूरची वाट धरली. त्याला कारण झाले एक विलायती कुलचिन्ह. त्या ढालीच्या वरच्या पट्ट्यावर मराठ्यांचे निशाण मोडक्या काठीसह रंगवलेले आहे, आणि ती ढाल वारशाने ज्याच्या हाती गेली त्या गृहस्थाच्या अंगात आजीकडून आलेले हिंदुस्थानी रक्त होते. ज्या सेनापतीच्या पराक्रमाप्रीत्यर्थ ती सजवली गेली, त्याचा अंमल 1818 नंतर राजपुतान्यावर चालत असे. आणि जिंकलेले निशाण मोडून दाखवावे की आपल्याच वस्त्रात शिवून टाकावे, या प्रश्नाचे अगदी निराळे उत्तर देणारे एक घराणे त्या अंमलाखाली ज्या तटाच्या आत नांदत होते, तो तट म्हणजे जयपूरची चारदीवारी.

1727 मध्ये सवाई जयसिंहाने वसवलेल्या या नगरीला येथील लोक चारदीवारी म्हणतात, तसेच परकोटाही म्हणतात. चांदपोल, सूरजपोल, अजमेरी, सांगानेरी अशा दरवाजांच्या आत काटकोनात आखलेले रस्ते आणि त्या रस्त्यांनी पाडलेल्या चौकड्या, अशी तिची मांडणी. आज जो गेरूसारखा गुलाबी रंग तिची ओळख होऊन बसला आहे, तो 1876 च्या फेब्रुवारीत इंग्लंडचे युवराज येणार म्हणून महाराजा रामसिंहाने दिलेला. पाहुण्यासाठी भिंती रंगवाव्यात आणि पाहुणा गेल्यावर तोच रंग नगरीचा स्वभाव ठरावा, ही गोष्ट पुढच्या सर्व मजकुराला पार्श्वभूमी म्हणून वाचकांनी ध्यानात ठेवावी.

सव्वा निशाण

त्रिपोलियाच्या भव्य दरवाजातून सामान्य जनांस प्रवेश नाही. तो राजघराण्यासाठी राखीव. तेव्हा तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानांवरून पुढे जाऊन, वळसा घेऊन, तिकीट काढून आपण राजवाड्याच्या चौकात शिरतो आणि मान वर करतो. चंद्रमहालाच्या माथ्यावर एक पूर्ण निशाण आणि त्याच्याबरोबर एक पाव आकाराचे निशाण फडकताना दिसते. ‘सवाई’ हा किताब औरंगजेबाने अल्पवयीन जयसिंहाच्या हजरजबाबीपणावर खूश होऊन दिला, अशी आख्यायिका. इतरांहून सव्वापट, म्हणून निशाणही सव्वा. एका बादशहाच्या तोंडून निघालेल्या शाबासकीचा हिशोब कापडाच्या मापात चुकता करून तो तीन शतके माथ्यावर वागवावा, हा दरबारी वृत्तीचा इतका नमुनेदार आविष्कार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

त्या वस्त्राचे पाच पट्टे म्हणजे पचरंगा. तांबडा, पिवळा, पांढरा, हिरवा, आणि पाचवा कोणी निळा सांगतो, कोणी काळा. त्याची परंपरागत कथा अशी, की आमेरचा राजा मानसिंह अकबराचा सेनानी म्हणून काबूलच्या मोहिमेवर असता त्याने पाच अफगाण टोळ्यांना जेरीस आणले आणि त्या पाचांची निशाणे एकत्र जोडून आपले नवे निशाण केले. त्यापूर्वी या कछवाहा राजघराण्याचे निशाण पांढरे होते व त्यावर कचनाराचे हिरवे झाड असे. ते झाड निशाणावरून उतरले, तरी नाहीसे झाले नाही. ते जाऊन बसले टांकसाळीत. जयपूरच्या नाण्यांवर कचनाराची डहाळी शेवटपर्यंत उमटत राहिली आणि त्या नाण्याला लोक झाडशाही म्हणत राहिले.

पाच टोळ्यांची ही कथा अक्षरशः खरी आहे काय, हा प्रश्न मी इतिहाससंशोधकांवर सोपवतो. पराभूत शत्रूचा रंग आपल्या माथ्यावर लावण्यात आपला अपमान नाही, असे त्या घराण्याला वाटले आणि तसे सांगण्यात पिढ्यान् पिढ्या भूषण वाटले, हे मात्र त्या कथेवरून निःसंशय कळते. अफगाणांचे ते तुकडे आज अफगाणांचे म्हणून कोणी ओळखीत नाही. ते जयपूरचे झाले.

दिल्लीच्या छावणीतील भेट

याच पचरंग्याला पुढे एक विलायती अंगरखा चढवण्यात आला, त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

1877 च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस दिल्ली येथे व्हिक्टोरिया राणीस ‘कैसर-ए-हिंद’ म्हणून जाहीर करण्याचा समारंभ झाला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन हा कवी होता आणि कापडाच्या सामर्थ्यावर त्याचा कवीला शोभेल इतका विश्वास होता. पूर्वेकडे जसजसे जावे तसतसे निशाणांच्या चिंध्यांचे मोल वाढत जाते, अशा अर्थाचे त्याने आपल्या वरिष्ठांना लिहून कळवलेही होते. तेव्हा जमलेल्या त्रेसष्ट संस्थानिकांपैकी मानकऱ्यांस खिलतीऐवजी एकेक निशाण द्यावे आणि त्या निशाणावर ज्याच्या त्याच्या घराण्याचे विलायती पद्धतीचे कुलचिन्ह भरतकामाने काढावे, असे ठरले. आता अडचण एवढीच, की असली कुलचिन्हे बहुतेकांजवळ नव्हतीच. ती तयार करण्याचे काम बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधील रॉबर्ट टेलर नावाच्या हौशी अधिकाऱ्याने केले, आणि निशाणांच्या सजावटीची कामगिरी जॉन लॉकवुड किपलिंगकडे गेली. हे किपलिंग मुंबईकरांना परके नाहीत. जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत त्यांनी दहा वर्षे शिकवले आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील कोरीव चित्रे त्यांचीच.

टेलरसाहेबाची रीत मनोरंजक होती. ढाल विलायती आकाराची, तिच्या दोन्ही बाजूंना तिला पंजांनी किंवा खुरांनी आधार देणारे प्राणी, वर शिरोभूषण, खाली ब्रीदवाक्याची पट्टी. हा सांगाडा ठरलेला. त्या सांगाड्यात भरायचे काय, ते मात्र त्या त्या घराण्याच्या पूर्वपीठिकेतून उचलायचे. शिंद्यांसाठी नाग आले, कारण त्यांच्या मूळपुरुषावर नागाने फणा धरल्याची कथा होती. होळकरांच्या ढालीस घोडा आणि बैल टेकले, आणि माळव्याच्या शेतांतील गहू व अफूचे बोंड हीही तिथे जाऊन बसली. जयपूरसाठी पचरंग्याचे रंग सिद्धच होते. ब्रीदवाक्य ठरले ‘यतो धर्मस्ततो जयः’. तेच शब्द आज आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या चिन्हाखाली विराजमान आहेत.

ही निशाणे पाच फूट लांबरुंद, जाड रेशमाची, धातूच्या कांबीवर टांगलेली, आणि इतकी जड निघाली की एकेक उचलण्यास दोन धिप्पाड गोरे शिपाई लागत. संस्थानिकांपुढे प्रश्न पडला, की मिरवणुकीत हे धरायचे कोणी आणि कसे? हत्तीवर बांधावे तर वारा धरते, माणसाच्या हाती द्यावे तर माणूस वाकतो. बहुतेकांनी ती घरी नेऊन तोशाखान्यात ठेवली असावीत, असे मला वाटते. पण त्यांवरील चिन्ह मात्र ठेवल्या जागी राहिले नाही. ते कागदपत्रांच्या माथ्यावर चढले, चांदीच्या ताटांवर कोरले गेले, दरवाजांच्या कमानींवर दगडात उमटले, आणि दोन पिढ्यांच्या आत ते जणू मानसिंहाच्या काळापासूनच चालत आले आहे असा भास उत्पन्न करण्याइतके मुरले.

त्याच समारंभास पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या सुताच्या पोशाखात उपस्थित होते. दक्षिणेत तेव्हा भीषण दुष्काळ पडला होता. त्या जरतारी मांडवात काकांचा तो जाडाभरडा सदरा कोणास कुलचिन्ह वाटला नसेल. मला तो त्या दिवसाचा सर्वांत नेमका रेखाटलेला शिक्का वाटतो.

गोल ढाल, टोकदार ढाल

राजवाड्याच्या वस्तुसंग्रहालयात सिलहखाना आहे. जयपूरच्या छत्तीस कारखान्यांपैकी हा शस्त्रांचा. तेथे कट्यारी, जंबिये, मुठींवर मिन्याचे काम केलेल्या तलवारी यांच्या गर्दीत भिंतींवर ढाली टांगलेल्या आहेत, आणि त्या सर्व गोल आहेत: गेंड्याच्या कातड्याच्या, म्हशीच्या कातड्याच्या, लाखेने चकाकवलेल्या, मध्ये चार फुल्या. त्या चार फुल्या शोभेच्या नव्हेत. आतून हात घालण्याच्या गादीचे व पट्ट्यांचे खिळे बाहेरून झाकण्यासाठी त्या ठोकतात. त्याच राजवाड्यात दरवाजावरच्या कुलचिन्हात ढाल मात्र खाली टोक असलेली, यूरोपातील घोडेस्वार शिलेदाराची. या प्रांतात तसली ढाल कोणी हाती धरली नाही, कोणी लोहाराने घडवली नाही. घराण्याची खूण ठेवण्यासाठी जे पात्र निवडले गेले तेच परदेशातून आले. आत काय ओतावे एवढीच मुभा येथल्यांना राहिली.

विलायतेत या ढालींचा कारभार केवळ चित्रकाराच्या लहरीवर चालत नाही. लंडनचे ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ हे 1484 पासूनचे दप्तर आहे, स्कॉटलंडमध्ये ‘लॉर्ड लायन’ हा अधिकारी तर त्यासाठी न्यायासनच चालवतो. ढाल ही वतनासारखी: सनदेने मिळते, वारशाने जाते, दुसऱ्याने वापरली तर दाद मागता येते. या कायद्यातील आईसंबंधीचे कलम मला सर्वांत बोलके वाटले. मुलाच्या ढालीत आईच्या घराण्याचे चिन्ह एका चतुर्थांशात घालता येते, परंतु त्यासाठी आईच्या घराण्याला मुळात नोंदलेली ढाल हवी, आणि शिवाय तिला भाऊ नसून तीच वारसदार असावी. ज्या स्त्रीच्या बापाचे नाव त्या दप्तरात नाही, तिच्यासाठी ढालीवर रेघभरही जागा नाही. लग्नाबाहेरच्या संततीला तर बापाची ढालही सुखासुखी मिळत नसे. राजाची खास परवानगी काढावी लागे आणि त्यावर नागमोडी किनार घालून जन्माची कथा सर्वांना वाचता येईल अशी ठेवावी लागे.

हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्यांपैकी शेकडोंनी येथल्या स्त्रियांशी संसार केले. त्या स्त्रियांपैकी कोणाच्या बापाची ढाल लंडनच्या दप्तरात असणार?

लोणी अख्तर

आता त्या मोडक्या काठीकडे येऊ. डेव्हिड ऑक्टरलोनी याचा जन्म 1758 मधला, अमेरिकेतील बोस्टन शहरातला; आजोबा स्कॉटलंडचे. कंपनीच्या फौजेत चढत चढत तो 1803 मध्ये दिल्लीचा रेसिडेंट झाला आणि पुढल्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी दिल्लीला वेढा दिला तेव्हा मूठभर फौजेनिशी त्याने शहर राखले. दहा वर्षांनी नेपाळच्या युद्धात गुरख्यांना तह करायला लावणारा सेनापती हाच. लोकांच्या जिभेला त्याचे नाव पेलेना, म्हणून त्यांनी त्याचा ‘लोणी अख्तर’ केला. तो पगडी घाली, हुक्का ओढी, आणि त्याच्या जनान्याच्या कथा दिल्लीत भरपूर होत्या.

1816 मध्ये त्याला बॅरोनेटचा किताब मिळाला. त्याच्या ढालीवर निळ्या जमिनीवर रुपेरी सिंह, त्याच्या पंजात त्रिशूळ. आणि वरच्या बुरुजदार पट्ट्यावर सन्मानाची वाढीव खूण म्हणून दोन निशाणे तिरपी एकमेकांवर ठेवलेली. एक मराठ्यांचे, त्यावर ‘दिल्ली’ अशी अक्षरे. दुसरे नेपाळचे, त्यावर ‘नेपाळ’. दोहोंच्या काठ्या मोडलेल्या, भोवती विजयाची पर्णमाला. होळकरांना त्या वेढ्यातून माघार घ्यावी लागली हे खरे. पण पुढे भरतपुरापर्यंत त्यांनी कंपनीला किती झुंजवले, ते त्या पट्ट्यावर मावण्यासारखे नव्हते.

किताब पुढे जाणार कोणाकडे? ऑक्टरलोनीला चर्चच्या दप्तरात नोंदलेली बायको नव्हती; त्याची मुले येथल्या स्त्रियांपासून झालेली. म्हणून 1823 मध्ये त्याला दुसरा बॅरोनेटचा किताब देण्यात आला आणि त्यात खास कलम घातले गेले, की तो त्याच्या नातवाकडे, चार्ल्स मेटकाफ ऑक्टरलोनीकडे जावा. चार्ल्स हा त्याच्या हिंदुस्थानी स्त्रीपासून झालेल्या मुलाचा, रॉडरिकचा मुलगा. 1825 मध्ये सेनापती मेरठला वारला आणि हे आठ वर्षांचे पोर सर चार्ल्स झाले. त्या घराण्याचा वंश 1964 मध्ये संपला आणि किताबही त्याबरोबर लयास गेला.

मिश्र वारशाचे कुलचिन्ह म्हणून याहून चांगले उदाहरण मला हिंदुस्थानच्या इतिहासात आढळले नाही, आणि याहून विचित्रही नाही. कारण त्यात हिंदुस्थान आहे, दोनदा आहे, ठळक अक्षरांत आहे. पण तो आजीच्या रूपाने नाही. तो आहे हरलेल्या शत्रूच्या रूपाने. नातवाच्या अंगातील रक्ताची नोंद ढालीवर करायला दप्तरी वाट नव्हती. आजोबाने मोडलेल्या काठीची नोंद करायला होती.

आणि मराठी वाचकाला चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. ऑक्टरलोनीच्या संसारात जिचा शब्द चाले ती मुबारक बेगम मूळची पुण्याची, ब्राह्मणाची मुलगी, दासी म्हणून उत्तरेत आणली गेलेली आणि मग मुसलमान झालेली, असे त्या काळचे कागद सांगतात. सेनापतीच्या मृत्युपत्रात तिच्या नावाबरोबर ‘महरट्टन’ हे बिरुद आहे, आणि आपल्या धाकट्या मुलांची आई म्हणून तिचा उल्लेख आहे. दिल्लीत हौज काझीजवळ तिच्या नावाची मशीद 1823 मध्ये उभी राहिली. अलीकडे, 2020 च्या पावसाळ्यात, तिचा एक घुमट कोसळला. म्हणजे ज्या घरात एक मराठी बाई मालकीण म्हणून वावरत होती, त्याच घराच्या ढालीवर मराठ्यांचे निशाण मोडून ठेवलेले होते. ती ढाल तिने कधी पाहिली असेल काय? पाहिली असल्यास त्या चित्रातले एक कापड आपल्या माहेरचे आहे हे तिला कोणी सांगितले असेल काय? मुलींना इंग्रजी रीतीने वाढवावे तर गोऱ्यांत त्यांना कमीपणा येणार, मुसलमानी रीतीने वाढवावे तर बापाचे नाव दुरावणार, या पेचात ऑक्टरलोनीने मित्राला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे, आणि ते वाचताना या माणसाविषयीचा राग बराचसा ओसरतो.

माहेरचे नाव

राजपुतान्याचा कारभार पाहत असताना ऑक्टरलोनीसमोर जयपूरचा तंटा आला, तोही एका आईचाच. महाराजा जगतसिंह 1818 च्या अखेरीस निपुत्रिक वारला असे वाटत असता राणीला दिवस गेल्याचे कळले, आणि पुढच्या वर्षी जन्मलेल्या पोराच्या नावाने तिने राज्य चालवायला घेतले. त्या राणीला जयपूरचा इतिहास ‘भटियाणीजी’ या नावाने ओळखतो. म्हणजे ती भाटी कुळातली. येथे राण्यांना त्यांच्या माहेरच्या कुळावरून हाक मारण्याची चाल आहे: राठोडजी, राणावतजी, भटियाणीजी. सासरी आयुष्य गेले, राज्य केले, छत्री उभी राहिली, तरी नाव माहेरचे. पडद्याआड बसणाऱ्या बाईला दप्तरात जे स्थान होते, ते स्कॉटलंडच्या त्या न्यायासनाने ऑक्टरलोनीच्या बिबीला दिले नसते.

अर्थात त्या स्थानाची किंमतही कधी कधी भयंकर पडली. जयसिंहाने 1708 मध्ये उदेपूरच्या राजकन्येशी विवाह केला तेव्हा ठरले होते, की तिच्या पोटी मुलगा झाल्यास तोच वारस. झाला मुलगा, माधोसिंह. पण थोरला ईश्वरीसिंह गादीवर बसला, आणि त्या एका अटीपायी भावाभावांत जी लढाई जुंपली तिच्यात दोन्हीकडून पैशाची बोली लावून आमचे मराठे सरदार ओढले गेले, किंवा खरे सांगायचे तर हौसेने शिरले. खंडणीच्या तगाद्याखाली ईश्वरीसिंहाने 1750 च्या डिसेंबरात विष घेऊन प्राण दिला. माधोसिंह आला, आणि 10 जानेवारी 1751 रोजी शहर पाहायला, खरेदी करायला, देवदर्शनाला म्हणून आत आलेल्या मराठ्यांवर वेशी बंद करून लोक तुटून पडले. हजारो मारले गेले. त्रिपोलियालगत ईश्वरीसिंहाने विजयस्मारक म्हणून उभारलेली सरगासूली त्या गल्ल्यांवर आजही उभी आहे. तिच्या पायथ्याच्या दुकानांतून हिंडताना मराठी माणसाने पायाखालचा इतिहास विसरू नये, आणि तो कसा ओढवून घेतला तेही विसरू नये.

माधोसिंहाच्या आईसाठी, त्या राणावतजींसाठी, जयसिंहाने तटाबाहेर राजमहाल बांधला होता. 1821 मध्ये त्याच वाड्यात कंपनीच्या साहेबाची वस्ती झाली.

ढाल नसलेली माणसे

मिश्र रक्ताच्या सर्वांनाच ढालीची हाव होती असे नाही. जेम्स स्किनर, बाप स्कॉट, आई राजपूत. कंपनीने 1791 मध्ये अशा मुलांना आपल्या सेवेची दारे बंद केली, तेव्हा त्याला तलवार दिली ती शिंद्यांच्या कंपूने. 1800 च्या एप्रिलात मालपुऱ्याला जयपूरची फौज आणि मराठे भिडले, त्यात तो मराठ्यांच्या बाजूने लढला. त्याच वर्षी उणियाऱ्याच्या रणात जखमी होऊन रात्रभर प्रेतांत पडून राहिला. सकाळी एका चर्मकार स्त्रीने भाकरी-पाणी आणले. ते त्याने घेतले. शेजारी पडलेल्या राजपूत अंमलदाराने मरणाच्या दारातही नाकारले. पुढे स्किनरने त्या बाईला हजार रुपये पाठवले, आणि त्या रात्री केलेल्या नवसाप्रमाणे दिल्लीला काश्मिरी दरवाजाजवळ चर्च बांधले. 1803 मध्ये इंग्रजांशी बिनसताच शिंद्यांच्या फ्रेंच सेनापतीने त्याला इंग्रज म्हणून काढून टाकले, आणि कंपनीने त्याला अर्धा हिंदुस्थानी म्हणून पुष्कळ वर्षे हातचे राखूनच वागवले. त्याची खूण म्हणाल तर ती फारसीत होती: ‘नासिर-उद्-दौला, गालिब जंग’ हा दिल्लीच्या बादशहाने दिलेला किताब. आणि त्याच्या रिसाल्याचे पिवळे अंगरखे.

याहून अगोदरचे, आणि चारदीवारीच्या आतले, घराणे पोर्तुगीजांचे. जयसिंहाने पाद्री फिगरेदो यांच्या हाताखाली लिस्बनला वकिलात धाडली, ती 1730 च्या सुमारास परतली तेव्हा तिच्याबरोबर पेद्रू द सिल्व्हा नावाचा ज्योतिषाचा व वैद्यकाचा जाणकार आला. ला हीर या फ्रेंच पंडिताची कोष्टके त्याने आणली होती. जयसिंहाने ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या स्थितीत अर्ध्या अंशाची चूक काढली. त्याच दरबारात महाराष्ट्रीय ब्राह्मण सम्राट जगन्नाथ टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणीत होते, हे येथे ओघाने सांगितले पाहिजे. सिल्व्हा येथेच राहिला, वंश वाढला, हकिमी करू लागला. शतकाच्या अखेरीस कर्नल पोलिए याला वेदांच्या पोथ्या हव्या होत्या, त्या जयपूर दरबारातून मिळवून देणारा मध्यस्थ होता डॉन पेद्रू द सिल्व्हा, त्याच घराण्यातला समजला जाणारा वैद्य. पोथ्या चामड्यात बांधायच्या नाहीत, रेशमात किंवा मखमलीत बांधायच्या, एवढी अट पडली. पोलिएने ती मान्य केली आणि त्या पोथ्या लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये गेल्या. पोर्तुगीज नावाच्या एका हकिमाच्या शब्दावर जयपूरच्या ब्राह्मणांनी वेद हाती दिले, एवढा विश्वास कोणत्या ढालीवर कोरता आला असता, मला ठाऊक नाही.

खजानेवालों का रास्ता

आज चारदीवारीत कुलचिन्हे घडतात ती देवांच्या शेजारी. चांदपोल बाजाराच्या बाजूने आत शिरणाऱ्या खजानेवालों का रास्ता या गल्लीत संगमरवराच्या मूर्ती कोरणाऱ्यांची दुकाने आहेत. पांढऱ्या भुकटीने माखलेल्या ओट्यांवर गणपती, राधाकृष्ण, जैन तीर्थंकर, कोणा पुढाऱ्याचा अर्धपुतळा, आणि मधूनच भिंतीला टेकून ठेवलेली एखादी ढाल, दोन सिंहांनी धरलेली. हवेल्यांची हॉटेले झाली, ठिकाणेदारांच्या वंशजांना दर्शनी कमानीवर खूण हवी असते. नमुना मोबाइलवर येतो. कोरणारा तो कागदावर मोठा करून घेतो, गेरूने दगडावर उतरवतो, आणि आधी सिंहांचे तोंड काढतो, कारण ते बिघडले तर पुढची मेहनत वाया.

त्यांच्यापैकी एका वयस्क कारागिराला मी कॅनडातील चित्रे दाखवली. त्या देशात 1988 पासून कुलचिन्हांचे स्वतंत्र दप्तर आहे. तेथील नुनावुत या उत्तरेच्या प्रदेशास 1999 मध्ये मिळालेल्या चिन्हात ढाल टोकदार नाही, चक्क गोल आहे; वर बर्फाचे घर, बाजूस सांबरासारखा कॅरिबू आणि लांब सुळ्याचा नारव्हाल हा देवमासा. मेरी सायमन या कॅनडाच्या पहिल्या आदिवासी गव्हर्नर जनरल, आई इनुइट, वडील इंग्रज वंशाचे. त्यांच्या वैयक्तिक कुलचिन्हाखालचे ब्रीद लॅटिनमध्ये नसून आईच्या भाषेत आहे. दप्तराची वाट तेथे थोडी रुंद झाली आहे, असे मी त्या कारागिरांना समजावू लागलो. त्यांना माझ्या समजावण्यात विशेष रस नव्हता. त्यांनी चित्र निरखले आणि गोल ढाल चांगली, असा अभिप्राय दिला. टोकदार ढालीचे खालचे टोक गाडीत चढवताना हमखास उडते आणि मग गिऱ्हाइकाशी वाद होतो.

मी विचारले, समजा एखाद्या गिऱ्हाइकाला बापाकडची आणि आईकडची, दोन्ही घराण्यांची निशाणी एकाच ढालीत हवी असली तर? मोडून नव्हे, जोडून? त्यांनी क्षणभर विचार केला, बोटाने दगडावर मधोमध एक उभी रेघ ओढून दाखवली आणि हिंदीत सांगितले, की होईल, अडचण काहीच नाही. मात्र निशाणे दोन असली तर मजुरीही दोहोंची लागेल.